कारणवही

रविवारी सकाळी सहाला पाण्याच्या उंच टाकीखाली पाच मोटारसायकली जमत. चार पुरुषांच्या, एक बाईची. बाईला सगळे पंपवाली म्हणत. पंप पेट्रोलचा नव्हे, पाण्याचा. अर्ध्या शहराला पाणी चढवणारं पंपघर ती सांभाळायची, आणि पंपवाली म्हटलेलं तिला मनापासून आवडायचं. कुणी नवऱ्याच्या आडनावाने हाक मारली, तर सासूबाई आल्या की काय म्हणून ती मागे वळून बघायची.

ही नोकरी तिला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. आधी ती तिथे नुसत्या नोंदी लिहायची. त्या वेळच्या ऑपरेटरला चष्मा लावायची लाज वाटे, म्हणून दाबाचे काटे तीच वाचायची. काटे वाचता वाचता पंप कधी खोकतो, कधी रुसतो, हे तिला त्याच्याआधी कळायला लागलं. तो निवृत्त झाला तेव्हा तिने अर्ज केला. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि तिला मोठ्या व्हॉल्व्हपाशी नेलं. त्याचं चाक चहाच्या टेबलाएवढं. "हे जरा फिरवून दाखवा," साहेब म्हणाले आणि हसू लपवायला खिडकीबाहेर बघू लागले. तिने कोपऱ्यात पडलेला लांब पाइप उचलला, चाकाच्या आऱ्यांत अडकवला आणि टोकाला धरून चाक फिरवलं.

"जोर कशाला लागतो साहेब? लांबी लागते," ती म्हणाली. साहेबांचं हसू खिडकीबाहेरच राहिलं. त्याला आता एकवीस वर्षं झाली होती.

पंपघरात तिने एक शिस्त लावली होती. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग थांबायचं, काटा बघायचा, लिहून ठेवायचं, आणि मगच दुसरीला हात लावायचा. "चार चाव्या एकदम फिरवल्या की पाणी येतं हो," ती दुसऱ्या पाळीच्या माणसांना सुनवायची, "पण कुठल्या चावीने आलं ते कुणाच्या बापाला कळत नाही." माणसं तोंडावर मान डोलवत आणि पाठ फिरली की चार चाव्या एकदम फिरवत. तिला ते नोंदी बघून कळायचं, आणि मग त्यांची खैर नसे.

मोटारसायकलही तिला पंपघराच्या मागेच मिळाली. कधीकाळी लाइनमनला दिलेली कामाची गाडी अकरा वर्षं भिंतीला टेकून उभी होती, चाकाच्या तारांतून वेल वर चढलेला. खात्याने ती भंगारात काढली, तिने घरी आणली. सासूबाईंनी दारातच कपाळाला हात लावला. "सून भंगार आणते, मुलगा भंगाराला पॉलिश करतो. जोडा शोभतो हो!"

मुलगा म्हणजे पंपवालीचा नवरा. तो जुन्या फर्निचरला पॉलिश करायचा. त्याने हात फिरवलेल्या कपाटाचं मूळचं दार कुठलं आणि नंतर बसवलेलं कुठलं, हे कपाटाच्या मालकालाही ओळखता येत नसे. बोलण्यात मात्र महाकंजूष. जेवण आवडलं तर ताट स्वच्छ करायचा, नाही आवडलं तरी स्वच्छ करायचा. त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या हातांकडे बघून ओळखावं लागे, आणि ते ओळखायला ती लग्नानंतर चारेक वर्षांत शिकली.

गाडी उघडायला शिकवायला गल्लीतले काका आले. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. शिकवायला आले म्हणजे काय, तर येऊन स्टुलावर बसले. "तूच उघड. मी बसतो," म्हणाले. सात महिने रोज संध्याकाळी ती उघडायची आणि ते बसायचे. इंजिन चौथ्यांदा जोडलं तेव्हा दोन स्क्रू उरले. काकांनी ते तळहातावर घेतले, बघितले, परत तिच्या हातात ठेवले. "परत उघड." पाचव्यांदा एकही उरला नाही, आणि तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. त्या दिवसापासून भंगार म्हणणाऱ्या सासूबाईच शेजारणींना सांगत सुटल्या, "आमची सून इंजिन उघडते आणि परत जोडते. स्क्रूसुद्धा उरत नाही."

पुढच्या रविवारी काकांनी तिला टाकीखाली बोलावलं. त्यालाही आता आठ वर्षं झाली होती.

या पाच जणांची रांग ठरलेली असे. सगळ्यांत पुढे मास्तर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे रस्ता त्यांचा आणि चुकलेला रस्ताही त्यांचा. त्यांच्यामागे बेकरीवाला, मग दातांचे डॉक्टर, मग पंपवाली, आणि सगळ्यांत मागे काका. मागच्याला हे लोक 'शेपूट' म्हणत. नाव थट्टेचं होतं पण मान मोठा. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही. ज्याची गाडी बंद पडेल त्याच्यापाशी थांबायचं, गुडघे टेकून ती बघायची, आणि ती चालू होईपर्यंत हलायचं नाही. हत्यारांची बॅग शेपटाच्या गाडीला बांधलेली असे, आणि त्या बॅगेत असे कारणवही.

ही वही काकांनी सतरा वर्षांपूर्वी सुरू केली. गाडी बंद पडली की त्यात लिहायचं, पण काय दुरुस्त केलं ते लिहायचं नाही. का बंद पडली ते लिहायचं, आणि कुणाच्या हातून झालं तेही. लिहायचा हक्क फक्त शेपटाला. 'बेकरीवाला. टाकीत पेट्रोल नव्हतं. आहे असं दोनदा शपथेवर सांगितलं.' 'मास्तर. गाडी बिघडली नव्हती. चावी लावायची राहिली होती.' 'डॉक्टर. धुताना प्लगवर पाणी मारलं. गाडी म्हणजे दात नव्हेत.' काकांनी स्वतःलाही सोडलेलं नव्हतं. 'मी. चेन घट्ट केली आणि नट विसरलो. वय.' सतरा वर्षांत तीन ठिकाणी 'कारण कळलं नाही, आपोआप चालू झाली' असं होतं. ती तीन पानं काका कुणी मुद्दाम काढली तरच बघत. कारण कळलं नाही असं लिहायला त्यांची हरकत नव्हती, पण खोटं कारण लिहिलेलं त्यांना खपत नसे. "लिफ्टमध्ये खोटं कारण लिहिलं की पुढच्या महिन्यात माणूस अडकतो," ते म्हणत.

आता काकांचे गुडघे गेले होते. गाडी ते चालवत, पण एकदा खाली बसले की दोघांनी धरून उठवावं लागे. गेल्या रविवारी ते सरळ म्हणाले, "पुढच्या वेळी तळ्यावर पोचलो की बॅग कुणाला द्यायची ते सांगतो. डॉक्टर नाहीतर ही. दोघांनाही येतं."

डॉक्टरांना बॅग हवी होती आणि त्यांनी तसं मोकळेपणाने सांगितलंही. त्यांच्याकडे चकचकीत हत्यारांचा संच होता, ओळीने मांडलेला, जणू कुणाची दाढ काढायची आहे. पंपवालीला ती त्यांच्यापेक्षा दसपटीने हवी होती, म्हणूनच तिने चकार शब्द काढला नाही. आयुष्यभर तिने मागे राहून काम केलं होतं. लोक नळ सोडतात, पाणी येतं, आणि पंपघरात कुणी बसलंय हे कुणाच्या मनातही येत नाही. त्याचं तिला दुःख नव्हतं. पण सगळ्यांच्या मागे कोण आहे हे जिथे सगळ्यांना ठाऊक असतं, अशी एक तरी जागा आपल्या वाट्याला यावी, असं तिला वाटत होतं. मागणं तर शक्यच नव्हतं. मागितलं आणि मिळालं नाही तर काय घ्या!

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. पण आठवडाभरात तिने चेन तीनदा पुसली, आणि घरातल्या माणसाला तेवढं पुरलं. शनिवारी ती दुपारच्या पाळीला असताना त्याने आपलं काम बाजूला ठेवलं आणि गाडी पुढ्यात घेतली.

रविवारी सकाळी तिने दार उघडलं आणि क्षणभर तिला आपली गाडी ओळखू येईना. काळी टाकी अशी झाली होती की तिच्यात समोरच्या घराच्या खिडक्या मोजाव्यात. जुने ओरखडे गायब. झाकणसुद्धा आरशासारखं गुळगुळीत. नवरा दात घासत उभा होता.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

"थोडंसं," तो म्हणाला आणि तोंड धुवायला आत गेला.

पाण्याच्या टाकीखाली तर वाहवाच झाली. बेकरीवाल्याने गाडीच्या टाकीत बघून केस विंचरले. मास्तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "याला म्हणतात हात!" डॉक्टरांनी आपल्या गाडीसाठी तिच्या नवऱ्याची वेळ मागितली. ती मिजाशीत म्हणाली, "दोन महिने थांबावं लागेल. त्यांच्याकडे रांग असते." रांग वगैरे काही नव्हती, पण आज असायला हवी होती.

अशा थाटात निघालेली गाडी पंधरा किलोमीटरवर दोनदा अडखळली आणि रस्त्याच्या कडेला बंद पडली.

किक मारली. नाही. परत मारली. नाही. पुढचे मागे वळून आले, काका मागून पोचले. पंपवालीच्या कानशिलांना घाम आला. आजच! वर्षातले बाकीचे एक्कावन्न रविवार सोडून आजच!

डॉक्टर हत्यारं घेऊन पुढे सरसावले. त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. "पेट्रोल भरपूर आहे." झाकण लावलं, प्लग काढला. टोक जरा काळं दिसत होतं. त्यांनी नवा प्लग बसवला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"प्लग," डॉक्टर हात पुसत म्हणाले.

काकांनी वही काढली. "प्लग लिहू का गं?"

"थोडं थांबा ना काका," ती म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. प्लग तिने गेल्याच आठवड्यात साफ केला होता.

आणखी चौदा किलोमीटर गेल्यावर गाडी परत अडखळली आणि बंद पडली. या वेळी पुढाकार बेकरीवाल्याने घेतला. "पेट्रोलमध्ये कचरा. दुसरं काही नाही." त्याने झाकण उघडून टाकीत बॅटरीचा झोत मारला, आत काही दिसलं नाही, तरी मान हलवली. मग कार्बोरेटरची वाटी काढून धुतली, पाइपमध्ये फुंकर मारली, सगळं जागच्या जागी लावलं. गाडी चालू झाली. बेकरीवाल्याने डॉक्टरांकडे असं बघितलं, जणू आजचा पाव त्याचाच फुगला होता.

"कचरा लिहा काका!"

"थांबायचंय," काका म्हणाले. ते पंपवालीकडे बघत होते.

तिला त्या नजरेचं ओझं झालं. डॉक्टर जवळ आले आणि अगदी मनापासून म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. गाडी जुनी झाली. हवं तर मी घरापर्यंत सोबत येतो." ते चांगल्या मनाने बोलले होते, आणि म्हणूनच तिच्या जास्त जिव्हारी लागलं. वाईट बोलणाऱ्याला उत्तर तरी देता येतं. ही गाडी तिने वेलातून सोडवली होती, तिचा प्रत्येक स्क्रू तिच्या बोटांच्या ओळखीचा होता, आणि आज दोन पुरुषांनी दोन वेगळ्या कारणांनी ती चालू करून दाखवली होती. तिने मात्र नुसता घाम पुसला होता.

तिसऱ्यांदा गाडी चढावर बंद पडली. उजवीकडे दगडी बांध, डावीकडे मोकळं रान. डॉक्टर आणि बेकरीवाला एकदमच उतरले, एकाच्या हातात प्लग, दुसऱ्याच्या हातात फडकं.

"हात लावू नका!"

असा आवाज ती फक्त पंपघरात काढायची. दोघेही जागच्या जागी थांबले. मास्तरांनी उगाचच आपला हात खिशात घातला.

"कुणीही कशालाही हात लावायचा नाही. मला दहा मिनिटं द्या."

ती गाडीसमोर रस्त्याच्या कडेला बसली. पंपघरात बसायची तशीच, हात मांडीवर ठेवून. पहिल्यांदा प्लग बदलला, चालू झाली. म्हणजे प्लग? मग परत बंद का पडली? दुसऱ्यांदा वाटी धुतली, चालू झाली. म्हणजे कचरा? मग आता काय, चौदा किलोमीटरमध्ये नवा कचरा तयार झाला? मुळात आपण चार चाव्या एकदम फिरवत होतो. प्लगवाल्याने वाटी उघडली नाही, वाटीवाल्याने प्लग काढला नाही. मग दोघांनी मिळून अशी कोणती गोष्ट केली, जी केली असं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही?

दोघांनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं होतं.

ती उठली. आधी काहीही न उघडता तिने पाच किक मारल्या. गाडी ढिम्म. मग तिने टाकीवर कान टेकवला आणि झाकण हळूच फिरवलं. झाकण सैल होताच आत हवा शिरल्याचा आवाज आला, दमलेल्या माणसाने सुस्कारा सोडावा तेवढाच. तिने झाकण परत लावलं, पेट्रोल खाली उतरायला साठपर्यंत आकडे मोजले आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली. प्लग तोच, वाटी तीच.

पंपघरातली सगळ्यांत साधी गोष्ट होती ती. टाकीतून पाणी खाली यायचं, तर वरून हवा आत गेली पाहिजे. पेट्रोलचंही तेच. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ती दर महिन्याला ते टाचणीने साफ करायची. आता धुळीने बुजलं असेल म्हणून तिने झाकणावर ते शोधलं, आणि ते सापडेना.

भोकच नव्हतं. काळं, गुळगुळीत, अखंड झाकण. तिने अंदाजाने नख फिरवलं. एका जागी नखाला किंचित मऊ लागलं. टाचणीने उकरल्यावर तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा बाहेर आला. तिने तो नाकाशी नेला, आणि तिला आपल्या घराचा वास आला.

मेण. काजळी घालून झाकणाच्या रंगाला रंग जुळवलेलं. लाकडाला भोक पडलं म्हणजे कीड लागली. पॉलिशवाला आधी रंग जुळवून मेणाने भोक भरतो, घासून सपाट करतो, आणि मग पॉलिशचा पहिला हात मारतो. नवरा तीस वर्षं तेच करत आला होता. आपल्या बायकोच्या गाडीच्या झाकणाला एवढंसं भोक, ते तो कसा राहू देईल? आज तिचा महत्त्वाचा दिवस ना!

तिला हसू आलं, आणि मग तिने चटकन मागे बघितलं. बाकीचे तिच्या पाठीमागे होते. तुकडा कुणी बघितला नव्हता. तिने तो खिशात टाकला.

"सापडलं वाटतं," ती म्हणाली. "पण आधी तळ्यापर्यंत जाऊ. मध्ये बंद पडली नाही, तर कारण सांगते."

तळं तीस किलोमीटरवर होतं. गाडी एकदाही अडखळली नाही. ती चालवणारी मात्र वाटभर अडखळत होती. कारणवहीत गेलं ते कायमचं गेलं. बेकरीवाल्याच्या त्या शपथेची आठवण गेली बारा वर्षं दर रविवारी निघायची. पुढच्या रविवारपासून नवऱ्याच्या मेणाची निघेल. हे लोक पॉलिश करून घ्यायला घरी येतील आणि आल्या आल्या विचारतील, "काय हो, आज कुठलं भोक बुजवणार?" तो काही बोलणार नाही. तो नुसता आत जाईल आणि परत कधी तिच्या गाडीला हात लावणार नाही. शिवाय तिचं स्वतःचं काय? शेपूट व्हायला निघाली, आणि घरून निघताना झाकणसुद्धा नीट बघितलं नाही! हे कळल्यावर कोण तिला बॅग देईल? धूळ म्हटलं की सगळं मिटतं. भोक धुळीने बुजलं. कुणाची चूक नाही, कुणाचं हसं नाही.

तळ्याकाठच्या चहाच्या दुकानात पाच खुर्च्या ओढल्या गेल्या. काकांनी वही मांडीवर उघडली.

"बोल. कारण?"

"टाकीत हवा जात नव्हती. झाकणाचं भोक बुजलं होतं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे! मी स्वतःच्या हाताने झाकण उघडलं होतं! म्हणून चालू झाली!"

"मीही उघडलं की," बेकरीवाला म्हणाला. "म्हणजे आपण दोघांनी गाडी दुरुस्त केली, फक्त आपल्याला कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"कशाने बुजलं होतं?" काकांनी विचारलं.

"धूळच असणार," मास्तर म्हणाले. "रस्ता बघितलात ना? लिहा, धूळ."

काकांनी लिहिलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिने मान हलवायचं ठरवलंही होतं, तीस किलोमीटर तेच तर ठरवत आली होती. पण ऐन वेळी तिच्या डोळ्यांपुढे तो आला, वाकून, श्वास धरून, तेवढ्याशा भोकात मेण भरणारा. आणि त्या कामाला धूळ म्हणायला तिची जीभ रेटेना.

तिने खिशातून तो काळा कण काढला आणि वहीच्या पानावर ठेवला.

"मेण आहे. माझ्या नवऱ्याने भरलं. त्यांना वाटलं, झाकणाला भोक पडलंय."

एकच हशा उसळला. बेकरीवाल्याच्या नाकातून चहा आला. मास्तर डोळे पुसत होते. "पॉलिशवाल्यांनी बायकोला... घरीच थांबवायचा डाव..." बेकरीवाल्याला वाक्य पुरं करता येईना.

"हसा," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज साफ होता. "पोटभर हसा. पण एक सांगा. हे झाकण तुम्ही दोघांनी हातात घेतलंत. काकांनी बघितलं. मी, जी महिन्याला ते भोक साफ करते, मीही सकाळी बघितलं. मास्तर, तुम्ही तर दोन फेऱ्या मारल्यात. पाच माणसं, दहा डोळे. कुणाला दिसलं का? नाही दिसलं. कारण काम तसं होतं. जगात दुसरा कुणी पेट्रोलच्या झाकणाला काजळी मिसळून रंग जुळवणार नाही. चूक झाली, ती लिहा. झाकण न बघता निघाले ही माझी चूक, तीही लिहा. पण काम चोख होतं, तेही लिहा. नाहीतर कारण अर्धंच राहील."

हशा ओसरला. मास्तरांनी तो कण बोटावर घेऊन उन्हात धरला. "रंग हुबेहूब आहे हो," ते हळूच म्हणाले.

काकांनी वहीवर पेन ठेवलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. "एवढं मोठं मला लिहवणार नाही. तूच लिही."

तिने पेन उचललं, आणि मग तिच्या लक्षात आलं. या वहीत शेपटाशिवाय कुणी लिहीत नाही. तिने काकांकडे बघितलं. काका चहात बिस्कीट बुडवण्यात गुंग होते, निदान तसं दाखवत होते. डॉक्टर उठले. काकांच्या गाडीला बांधलेली बॅग त्यांनी सोडली, पंपवालीच्या गाडीला नेऊन बांधली, आणि पट्टा दोनदा ओढून बघितला.

"माझाही संच यातच ठेवा ताई," ते परत येऊन म्हणाले. "नुसता घरी पडून काय उपयोग?"

तिने लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. 'पंपवाली. टाकीच्या झाकणाचं भोक मेणाने बुजलं. भरणारा: नवरा, पॉलिशवाला. काम इतकं चोख की पाच जणांना दिसलं नाही. निघताना बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.' मग जरा थांबून तिने खाली आणखी एक ओळ घातली: 'गाडी आजवर इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.' हे कारणात बसत नव्हतं. काकांनी वाचलं, आणि खोडायला सांगितलं नाही.

परत निघताना मास्तर पुढे गेले, त्यांच्यामागे बेकरीवाला, मग डॉक्टर. दुकानासमोर दोन गाड्या चालू उभ्या राहिल्या. काका हँडल धरून वाट बघत होते. सतरा वर्षं सगळे गेल्यावरच ते निघत आले होते, आणि अजून एक जण जायचा होता. पंपवालीही वाट बघत होती.

तिने हाताने पुढचा रस्ता दाखवला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही निघा. मागे मी आहे."

काकांनी तिच्याकडे बघितलं. हेल्मेटची काच खाली केली आणि गाडी पुढे घेतली. ती त्यांच्यामागे अंतर ठेवून निघाली. पहिल्या वळणाआधी त्यांनी सवयीने दोनदा आरशात बघितलं. वळणानंतर रस्ता सरळ होता, आणि काका पाठ ताठ करून पुढेच बघत गेले.